गावाच्या आरोग्याचा आराखडा ग्रामपंचायतीने करावा की जिल्हा परिषदेने?

बांधावरून (धागाकर्ता)

'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली ग्रामपंचायती दरवर्षी विकास आराखडा करतात आणि त्यात 'आरोग्यदायी गाव' हा नऊ विषयांपैकी एक असतो. मी पाहिलेल्या आराखड्यांत मात्र या विषयाखाली ओपन जिमचे साहित्य, उपकेंद्राची रंगरंगोटी आणि कुंपणभिंत यांपलीकडे फारसे काही आढळले नाही. माझे म्हणणे असे की, हा आराखडा कामांच्या यादीऐवजी गावातल्या आजारांपासून सुरू झाला पाहिजे आणि तो ग्रामपंचायतीनेच केला पाहिजे.

अधिकार नाहीत, ही सबब टिकत नाही. 73व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत पिण्याचे पाणी, आरोग्य व स्वच्छता आणि महिला व बालविकास हे तिन्ही विषय आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिली. स्वउत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करणे बंधनकारक आहे.

माहितीचीही वानवा नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जलस्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला धोक्याच्या पातळीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. बालकांची वजने अंगणवाडीत नोंदलेली असतात. गरोदर मातांची नोंदवही आशाताईंकडे असते. ही तिन्ही कागदपत्रे ग्रामसभेच्या टेबलावर एकाच दिवशी कधीच का येत नाहीत, एवढाच माझा प्रश्न आहे.

निवृत्त विस्तार अधिकारी

हेतूबद्दल शंका नाही, पण मूळ भूमिकेला माझा विरोध आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असतात. परिचारिकेचे पद रिक्त असेल, तर ते भरण्याचा अधिकार सरपंचाला नाही; औषधसाठा संपला, तर तो मागवण्याचाही नाही. ज्याच्या हाती साधनेच नाहीत त्याच्याकडून आराखडा लिहून घेतला, तर उद्या रिक्त पदाबद्दल विचारणा झाल्यावर 'तुमच्या गावाच्या आराखड्यात हा प्रश्न कुठे आहे?' असे उलट ऐकवले जाईल. शासनाला आपली जबाबदारी खाली ढकलण्याचा हा सोयीचा मार्ग ठरेल.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. दीड-दोन हजार लोकवस्तीच्या गावात एका वर्षी एक मातामृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी एकही झाला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. सपाट प्रदेशात सुमारे 30,000 आणि आदिवासी व डोंगराळ भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. आजारांचा कल निदान त्या पातळीवर तरी दिसू लागतो. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी निम्मे वर्ष बाहेर राहणारी कुटुंबे तर कोणत्याच एका गावाच्या आराखड्यात मावत नाहीत. नियोजन जिल्ह्याने करावे आणि ग्रामपंचायतीने पाणी व गटारे नीट सांभाळावीत.

गटप्रवर्तक

मी वर्षानुवर्षे आशाताईंबरोबर काम करते, म्हणून धागाकर्त्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. नोंदवही ग्रामसभेत आणायची नसते. कोणाला क्षयरोग आहे, कोणत्या सुनेचे बाळंतपण जोखमीचे आहे, हे गावासमोर आले, तर पुढच्या वेळी ते घर आम्हाला दारातच उभे करील. आकडे द्यावेत, नावे देऊ नयेत. आणि छोट्या वाडीवर तर नुसता आकडाही नावाइतकाच बोलका असतो.

ग्राम आरोग्य समितीच्या वर्षाकाठच्या 10,000 रुपयांच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीबद्दल इथे कोणी बोलले नाही. रक्कम लहान आहे, पण ती कशावर खर्च व्हावी, हा निर्णय तरी गावात खऱ्या अर्थाने घेतला जातो का? ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती कागदावर न उरकता प्रत्यक्ष भरवली, तर ओपन जिमऐवजी पाणी आणि शौचालयाचे विषय पुढे येतात, हा माझा अनुभव आहे. नव्या आराखड्याचा अर्थ आशाताईंना आणखी एक फॉर्म असा होणार असेल, तर मात्र माझा ठाम नकार.

बांधावरून

ताई, नावांबाबतची आपली अट मला पूर्ण मान्य आहे. विस्तार अधिकारी साहेबांना मात्र विचारावेसे वाटते की, पाण्याच्या लाल कार्डाला संख्याशास्त्र कशाला हवे? पाणी शुद्ध करण्याची टीसीएल पावडर वेळेवर आणणे, ती पाण्यात टाकणाऱ्या जलसुरक्षकाचे मानधन न थकवणे, विहिरीभोवतीचे सांडपाणी वळवणे, ही कामे गावाच्या आवाक्यातली आहेत आणि अतिसाराशी त्यांचा थेट संबंध आहे. शिवाय आपण ज्या जिल्हा परिषदांवर भरवसा ठेवता, त्यांपैकी आपल्या राज्यातल्या अनेक 2022पासून प्रशासकांच्या हाती गेल्या आणि तिथे प्रश्न विचारायला निवडून आलेला सदस्यच बराच काळ नव्हता. केरळने 1996 साली लोकनियोजन मोहीम सुरू करून स्थानिक संस्थांना योजना निधीचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा दिला. तेथील पंचायती आज घरपोच उपशामक (असाध्य आजारात वेदना हलक्या करणारी) सेवाही चालवतात.

निवृत्त विस्तार अधिकारी

केरळचा दाखला आपल्या बाजूने नाही, माझ्या बाजूने जातो. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि पैसा हे दोन्ही पंचायतींच्या हाती आले. आपल्याकडे फक्त विषय आला. शिवाय केरळात ग्रामपंचायती हजाराहून कमी आहेत आणि आपल्याकडे सुमारे 28,000. तेथील एक पंचायत म्हणजे आपल्या एका आरोग्य केंद्राचे अख्खे कार्यक्षेत्र. पाण्याच्या कार्डापुरते आपले म्हणणे मी मान्य करतो, कारण ते कामच ग्रामपंचायतीचे आहे. पण त्याला आरोग्याचा आराखडा म्हणणे म्हणजे रक्तदाब, मधुमेह, कुपोषण आणि बाळंतपण यांना आराखड्याबाहेर ठेवणे.

नदीकाठ

मग आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रातील सर्व सरपंच आणि वैद्यकीय अधिकारी यांनी वर्षातून दोनदा एकत्र बसून एकच आराखडा करावा, त्यातील पाणी-स्वच्छतेचा भाग प्रत्येक गावाच्या आराखड्यात जावा आणि रिक्त पदे व औषधांचा भाग लेखी मागणी म्हणून जिल्हा परिषदेकडे जावा, याला दोघांचीही हरकत असण्याचे कारण दिसत नाही. प्रश्न एवढाच उरतो की, त्या मागणीला किती दिवसांत लेखी उत्तर देणे जिल्हा परिषदेवर बंधनकारक असेल? साहेब, आपण त्या यंत्रणेत होतात. मुदत आपणच सुचवावी.