आईच्या गोळ्या बंद करून इन्सुलिन का?

प्रश्न: आईला खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केले आहे. घरी तिची साखर मेटफॉर्मिनवर आटोक्यात असे. येथे गोळी थांबवून इन्सुलिन सुरू केले आहे आणि साखर १७० आली तरी ‘ठीक आहे’ म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर (फिजिशियन): होय. शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर वाढते, आणि मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास मेटफॉर्मिन धोक्याचे ठरू शकते. दाखल असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० हे लक्ष्य मानले जाते, कारण त्याहून कडक नियंत्रणाच्या प्रयत्नात साखर ७० च्या खाली घसरण्याची भीती वाढते. केवळ वाढलेला आकडा पाहून त्या त्या वेळी डोस देत राहणे मात्र मला अपुरे वाटते. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन चालू हवे.

उत्तर (परिचारिका): जेवणाचे ताट समोर आल्याशिवाय जलद इन्सुलिन देऊ नये. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बरेचदा मिलिलिटरला ४० युनिटचे, तर पेनच्या कार्ट्रिजमधील १०० युनिटचे असते. लाल टोपणाच्या ४० युनिटच्या सिरिंजने कार्ट्रिजमधून औषध ओढले, तर अडीचपट डोस जातो. असे कोणालाही करू देऊ नका.

प्रश्नकर्ती: उद्या तिला उपाशी ठेवणार आहेत. मग इन्सुलिन पूर्ण बंद ना?

फिजिशियन: जेवणाबरोबरचे बंद, दीर्घकाळाचे किती कमी करायचे, हे भूलतज्ज्ञांना आजच विचारा. टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही) रुग्णात दीर्घकाळाचे कधीही पूर्ण थांबवत नाहीत. घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसताच तत्काळ साखर तपासायला सांगा.