टेप, ट्रॅक आणि टेक: स्टुडिओत शिकलेल्यांनो, अनुभव लिहा

रिळवाला

परवा माळा आवरताना पत्र्याचा एक डबा सापडला. आत पिवळी मेणाची पेन्सिल, ब्लेडचं अर्धं पाकीट आणि जोडपट्टीचं एक छोटं रिळ. मुलीने विचारलं, "बाबा, रेकॉर्डिंगमध्ये ब्लेड कशाला?"

तर सांगतो. टेपचं मशीन सेकंदाला १५ इंचांच्या वेगाने चालायचं, म्हणजे एका सेकंदाचा आवाज ३८ सेंटिमीटर टेपच्या पट्टीवर. माहितीपटाच्या निवेदनात कुणी "अं..." केलं की रिळं हाताने मागेपुढे फिरवून तो "अं" नेमका कुठे सुरू होतो ते ऐकायचं, पेन्सिलने खूण करायची, पट्टी खाचेत बसवायची आणि तिरकी कापायची. सरळ कापली तर जोडावर 'टक्' ऐकू येतं. कापलेला तुकडा लगेच फेकायचा नाही, टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचा. निवेदकाचा श्वास चुकून त्यासोबत गेला असेल तर परत लावावा लागतो. श्वासाशिवाय माणूस बोलतोय असं वाटतच नाही, हे मला त्या ब्लेडने शिकवलं.

अर्थात ब्लेड हातात यायला दीड वर्ष गेलं. तोवर केबल गुंडाळणं आणि चहा.

तुम्ही कुठे, कसे शिकलात? लिहा. लांबलं तरी चालेल.

खाडीकाठ

केबलवरून आठवलं. एक वेढा सुलटा, पुढचा उलटा. कोपर आणि अंगठ्यात पीळ देत गुंडाळली म्हणून पहिल्याच दिवशी शिव्या खाल्ल्या. आजही घरी कुणी इस्त्रीची वायर तशी गुंडाळली की हात शिवशिवतात.

पण खरा धडा वेगळा. नव्वदच्या दशकाची सुरुवात, मुंबई, दोन इंची टेपचं २४ ट्रॅकचं मशीन. दिवसभर गाणं चाललेलं, गायिका आवाज देऊन निघून गेलेल्या. संध्याकाळी बासरीवाले म्हणाले, मधल्या म्युझिकमधला एक तुकडा पुन्हा घेऊ या. रेकॉर्डिस्टसाहेब फोनवर होते, त्यांनी मानेनेच 'घे' म्हटलं. कन्सोलवर, म्हणजे आवाजाची बटणं असलेल्या टेबलावर, ट्रॅकची नावं लिहायची पांढरी पट्टी असायची. तिच्यावर मी 'एफ' वाचला आणि तो ट्रॅक रेकॉर्डला लावला. पट्टीवर 'एफ' दोन होते. एक फ्लूट, दुसरा फीमेल.

बासरी सुरेख वाजली. टेप मागे घेऊन लावली तर शेवटच्या मुखड्याची सुरुवात गायब, आणि तिथे बासरी. अनडू नावाची गोष्ट तेव्हा नव्हती. पुसलं ते पुसलं.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पहिल्या मुखड्यातली तीच ओळ पाव इंची टेपवर उतरवली. मग मोठं मशीन चालू ठेवून, कानाने अंदाज घेत, छोट्या मशीनचं बटण दाबायचं, म्हणजे ओळ बरोबर जागेवर पडेल. आधी पडली, उशिरा पडली, जवळजवळ पडली. दहाव्यांदा बसली. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर सगळी नावं पूर्ण लिहिलेली होती. माझ्या अक्षरात, त्यांच्या हुकमाने.

लॉ कॉलेज रोड

मी स्टुडिओत कमी आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, एफटीआयआयमध्ये, जास्त शिकलो. ऐंशीच्या दशकात नाग्रा, म्हणजे शूटिंगला न्यायचा टेप रेकॉर्डर, खांद्याला लावून फिरायचो. खांदा दुखायचा, पण मशीन दगडासारखं भरवशाचं. शॉट संपला की सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. त्या मिनिटात कुणाला तरी हमखास खोकला यायचा. पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संवादांच्या मधल्या फटींत दुसऱ्या खोलीची भरली की ती लगेच परकी वाटते.

शून्य डीबी

टेपच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांना एक विनंती. मुंबईचा पावसाळा आठवा. जुन्या टेपचा चिकट तपकिरी थर हेडला, म्हणजे टेप जिथे घासून वाचली जाते त्या भागाला, लागायचा, वरचे बारीक सूर गेल्यासारखा आवाज गढूळ व्हायचा, आणि मी प्रत्येक गाण्यानंतर स्पिरिटचा बोळा घेऊन हजर. पुढे एडॅट नावाचं डिजिटल मशीन आलं. व्हिडिओच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर ८ ट्रॅक, तीन मशीन जोडली की २४. तीन भावंडं शाळेला निघावीत तशी ती एकत्र यायला वेळ घ्यायची. तोवर गायक गार पडलेला. मला संगणक आला तेव्हा आनंदच झाला, उगाच खोटं का बोलू?

एनएस-१० स्पीकरच्या ट्वीटरवर, म्हणजे बारीक सूर काढणाऱ्या छोट्या भोंग्यावर, आवाज टोचू नये म्हणून टिश्यू चिकटवणारे आणखी कोण कोण आहेत? आमच्याकडे कोणत्या कंपनीचा टिश्यू लावायचा यावरही वाद झालेत.

डग्गा

मी स्टुडिओत शिकायला गेले तेव्हा पहिला महिना रोज कुणी ना कुणी विचारायचं, "मॅडम, कोरसला का?" पुढे विचारणं थांबलं, पण रात्रीची शिफ्ट काही देईनात. "घरी कसं जाणार?" मोठी सेशन नेमकी रात्रीच असायची. त्या स्टुडिओचं नाव लिहीत नाही.

शिकवलं ते वादकांनी. तबल्याला मी माईक अगदी जवळ लावला होता, कन्सोलवर भरदार ऐकू येतंय म्हणून खूश. तबलजी म्हणाले, "बेटा, इकडे येऊन बस." समोर जमिनीवर बसवलं, एक कान बंद करायला सांगितला आणि वाजवता वाजवता म्हणाले, डोकं हलव. वीतभर मागे गेले तर चाटेची किनार मोकळी झाली. डग्ग्यावर पुढे झुकले तर मनगट घासल्याचा खरखराट. "जिथे कानाला बरं वाटलं तिथे माईक ठेव. आणि मी हाताला पावडर लावतोय तोवर तो झाकून ठेव, महाग आहे." अजूनही आधी जमिनीवर बसते, मग स्टँड उघडते.

खाडीकाठ

@डग्गा, पावडर! आमच्या कंडेन्सर माईकच्या जाळीला कायम तिचा वास यायचा.

रिळवाला

मंडळी, मजा आली. डब्याच्या झाकणाला आतून एक तुकडा अजून चिकटलेला दिसला. मोजला, १९ सेंटिमीटर. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा "अं". कुणाचा ते आठवत नाही, आणि वाजवायला मशीनही उरलेलं नाही.

शून्य डीबी

माझ्याकडे आहे. चालू आहे. हसू नका. दोन्ही बाजूंना कोरी पट्टी जोडून आणा, मी हेड साफ करून ठेवतो.