मोहरीच्या एका वाणामागे अख्खी हयात: सार्थकी लागली का?

लष्कर, ग्वाल्हेर (धागा सुरू करणारी):
दीपक पेंटल यांच्यावरून घरी वाद पेटला, म्हणून इथे विचारते. दिल्ली विद्यापीठातले हे शास्त्रज्ञ, २००५ ते २०१० कुलगुरूही होते. मोहरीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर असतात, फूल आपलं आपणच फळतं, म्हणून संकरित बी काढणं जिकिरीचं. त्यांनी मातीतल्या जिवाणूची दोन जनुकं आणली. एकाने पराग वांझ होतो, दुसऱ्याने पुढच्या पिढीत तो पुन्हा फळवू लागतो. त्यातून डीएमएच-११ हा संकरित वाण झाला. २०२२ मध्ये जनुक बदललेल्या पिकांची तपासणी करणाऱ्या केंद्राच्या जीईएसी समितीने त्याची शिफारस केली, जुलै २०२४ मध्ये त्या परवानगीवरून सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. बी शेतकऱ्याच्या हाती नाहीच. निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. हा त्या माणसावर अन्याय आहे.

मुरार:
ताई, तिसऱ्या जनुकाचं नाव तुम्ही घेतलंच नाही. 'बार'. त्यामुळे ग्लुफोसिनेट हे तणनाशक पिकाला बाधत नाही. एकदा शेतकऱ्याला फवारणीची सवय लागली की निंदणी करणाऱ्या बायकांची मजुरी जाणार. माझी आत्या मुरैन्याकडे अजून निंदायला जाते, खुरपं धरून तिच्या बोटाला घट्टा पडलाय. तिला हे कोण विचारतं?

लष्कर:
प्रश्न रास्त आहे. पण ते जनुक बियाणं तयार करताना लागतं, परवानगीच्या अटींत शेतकऱ्याला त्यावर तणनाशक मारायला मनाई आहे.

मुरार:
कागदावर मनाई! आमच्या खेड्यात मनाई कोण बघतं?

दौलतगंज:
उत्पादनाचं बोला. 'वरुणा'पेक्षा सुमारे २८ टक्के जास्त सांगतात, पण वरुणा किती जुना वाण! आजच्या चांगल्या वाणांशी तुलना करा, मग बोलू. आणि मधमाश्या? थंडीत मुरैन्याच्या रस्त्यांना लागून पेट्यांच्या रांगाच असतात, पिवळ्या शेतावर नुसती गुणगुण. मध खरेदी करणारे आधी विचारतात, कुठला आहे, जनुक बदललेल्या पिकाचा तर नाही.

लष्कर:
मधाच्या बाजाराची भीती खरी आहे, ती मी खोडणार नाही. पण १९९० च्या दशकापासून कॅनडात याच पद्धतीचं संकरित कॅनोला, म्हणजे मोहरीच्याच कुळातलं तेलबी, पिकतं, आणि तिथलं तेल जग खातं. २००२ मध्ये बीटी कापूस, म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा कापूस, आला तेव्हाही विरोध झालाच.

मुरार:
कापसाचंच घ्या. गुलाबी बोंडअळी गुजरातेत काही वर्षांतच त्या विषाला सरावली. दोष बियाण्याचा की पेरणीच्या पद्धतीचा, हा वाद वेगळा, नुकसान शेतकऱ्याचंच झालं.

दौलतगंज:
अळीचा प्रश्न मोहरीत नाही, इथे कीडनाशक जनुकच नाही. तेवढं मान्य करा, मुरारवाले दादा. माझा विरोध आहे तो पेट्यांसाठी.