जुन्या एस्टीमला टर्बो: आधी इंजिन खोलायचं की नाही?

परभणीचा_एस्टीमवाला
गाडी 2004 ची मारुती एस्टीम. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीच्या कागदावर 85 हॉर्सपॉवर. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावायचाय. माझं मत: आधी अख्खं इंजिन खोला, बोअरिंग करा (सिलिंडर आतून कापून सारखे करा), फोर्ज्ड (दाबून घडवलेले, मजबूत) पिस्टन टाका, कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) साडेनऊवरून साडेआठवर आणा, मग टर्बोचं बघा. वीस वर्षं घासलेल्या पिस्टनच्या रिंगांवर बूस्ट (टर्बोचा दाब) चढवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शंकरपटात पळवणं. पटत नसेल तर कारण सांगा, नुसतं "नको करू" नको.

नांदेड_ट्यूनर
नाही पटलं, दादा. कामून खोलायलास? आधी कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीकडाउन (सिलिंडरमधून दाब किती गळतो ती तपासणी) करून घे. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले तर 0.3 बार बूस्टला आत हात लावायची गरज नाही. पिस्टन नुसत्या दाबानं फारसे जात नाहीत, नॉकिंगनं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकल्यानं जातात. आणि नॉकिंग आवरतं ते ठिणगीच्या टायमिंग आणि पेट्रोलच्या प्रमाणावर. म्हणून पैसा स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा, स्वतः ट्यून करता येणारा वेगळा कॉम्प्युटर), मोठे इंजेक्टर आणि वाइडबँड सेन्सरवर (धुरातून मिश्रण मोजणाऱ्या) घाल. फोर्ज्ड पिस्टन टाकून मूळ ईसीयूवर बूस्ट देणाऱ्यांचं मला काही कळत नाही.

परभणीचा_एस्टीमवाला
आपल्याकडचा मे महिना विसरलात का? 42 अंशांची हवा अर्धा बार दाबली आणि कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) 65 टक्के कार्यक्षम धरला, तर ती शंभर अंशांच्या आसपास बाहेर पडते. इंटरकूलरला (दाबलेल्या हवेच्या रेडिएटरला) गार करायला मिळते तीही 42 चीच हवा. एवढ्या गरम हवेत नॉकिंग लवकर होतं, म्हणून कॉम्प्रेशन कमीच पाहिजे.

नांदेड_ट्यूनर
म्हणून तर 0.3 म्हणतोय, अर्धा नाही! कॉम्प्रेशन पाडलंस की टर्बोचा दाब भरेपर्यंत गाडी मेल्यावानी चालणार, आणि गावात तू तशीच चालवणार. शिवाय आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. ऑक्टेन (नॉकिंग टाळायची ताकद) बरं आहे, पण हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 वरून साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त. जुने इंजेक्टर तिथंच कमी पडतात. रबरी पाइपही बदलून घे.

वाळूज_लेथ
दोघंही पिस्टनवरच अडकलात. इंजिन खोललंच तर खरं काम बोअरिंगवाल्याकडे आहे. बूस्टनं रिंगा जास्त तापतात, फुगतात. टोकांतला गॅप साध्या इंजिनाइतकाच ठेवला तर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची रिंग-लँड (रिंग बसते तिथली कड) तुटते. 74 मिमी बोअरला साध्या इंजिनात 0.30 मिमी गॅप चालत असेल, तर टर्बोला 0.40 च्या आसपास ठेवा, पण पिस्टनवाल्याचा तक्ता आधी बघा. दुसरं, हेड आवळलं की बोअर किंचित वाकडं होतं. म्हणून होनिंग (बोअर आतून घासून गुळगुळीत करणं) टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून करायचं. "प्लेट आहे का?" विचारल्यावर जो हसतो, त्याच्याकडे ब्लॉक देऊ नका.
तिसरं म्हणजे टर्बोचा ऑइल रिटर्न. पाइप जाड, सरळ उतरता, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच्या पातळीच्या वर सोडायचा. नाहीतर ऑइल टर्बोतच तुंबतं, सील गळतात आणि धूर बघून लोक रिंगांना दोष देतात.

बीड_बायपास
इंजिनाचं ठीक, कागदाचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पंधरा वर्षं उलटलेली गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीची तपासणी आलीच. तिथं बॉनेट उघडलं की काय सांगणार? आणि अपघात झाला तर विमावाले आधी टर्बोकडेच बोट दाखवतील. माझं मत, त्याच पैशात सेकंडहँड टर्बो डिझेल घ्या.

नांदेड_ट्यूनर
कायद्याचं खरं आहे. ट्रॅकवर चालवायची असेल तर हा खर्च शोभतो. रोजच्या गाडीला मीही टर्बो लावणार नाही.

परभणीचा_एस्टीमवाला
ट्रॅकसाठीच बनवायलो, रोजच्याला दुसरी गाडी आहे. लीकडाउन आधी करतो. पण एक जरी सिलिंडर पडलं तर इंजिन खोलणार, आणि खोललं की पिस्टन फोर्ज्डच.

नांदेड_ट्यूनर
खोल. पण ईसीयूचे पैसे आधी बाजूला काढ.

वाळूज_लेथ
आणि टॉर्क प्लेटचं विचारून ये.