डिस्क बसवाल, पण मास्टर सिलिंडरचं काय?

दादा, तुमच्या १९७८च्या फियाटला पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचं चाललंय, आणि इथे सगळी चर्चा कॅलिपर, म्हणजे पॅडने डिस्क आवळणारा भाग, कुठला यावरच. मला विचाराल तर खरी गोम मास्टर सिलिंडरमध्ये आहे, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो त्या भागात.

ड्रममध्ये चाक फिरताना एक शू (ड्रमला आतून घासणारी पट्टी) स्वतःच ड्रमवर ओढला जातो, म्हणून कमी जोरात भागतं. डिस्कला ती फुकटची मदत नाही, दाब जास्त लागतो. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसेल तर पाय दुखून येईल. शिवाय ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवतो. तो तसाच राहिला की पॅड सुटतच नाहीत. आमच्या गाडीत तेच झालं. रत्नागिरीहून निघालो, पालीपर्यंत पुढची चाकं चटके देण्याइतकी तापली! मेस्त्री म्हणे, पॅड नवीन आहेत, बसतील. बसतात कसले.

मागे ड्रमच ठेवणार असाल तर तिकडचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागू शकतो, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. जुनी रिम कॅलिपरला घासते का, तेही आधीच बघा.

आणि आपल्याकडची दमट हवा! ब्रेक ऑइल पाणी शोषतं. डॉट ३ प्रकारचं कोरडं ऑइल २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १४० लाच. आंबा घाट उतरताना ते उकळून वाफ झाली की पेडल थेट तळाला. मी दर पावसाळ्यानंतर बदलतो. लोखंडी पाइपही खाऱ्या वाऱ्याने सडतात, काम काढलंच आहे तर तेही बदलून टाका.