सायबर सुरक्षेच्या तासाला आठवीच्या मुलांना काय सांगू?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सेफर इंटरनेट डे. शाळेत दरवर्षी पोस्टर, शपथ, संपलं! यंदा तास माझ्या गळ्यात पडलाय. पोरं फ्री फायर मॅक्स या मोबाइल गेमवर अनोळखी माणसांशी माइकवर तासन्‌तास गप्पा मारतात, गेममधल्या डायमंडच्या (तिथलं चलन) आशेनं आईच्या फोनवरचा ओटीपीही देऊन टाकतात.

— मॅडम, शपथ सोडा. इन्स्टाचं टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारं कुलूप) वर्गातच चालू करून दाखवा.

— आठवीत इन्स्टा? १३ वर्षं पूर्ण लागतात ना?

— कागदावर! हात वर करायला सांगा, कळेल.

— दोन नंबर फळ्यावर लिहा: पैसे गेले तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), फोटोवरून कुणी धमकावलं तर १०९८ (मुलांसाठीची चाइल्डलाइन). आणि घाबरून चॅट डिलीट करू नका म्हणावं. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक.