मदत हवी आहे: पुढच्या डाव्या चाकाचा आतला ब्रेक पॅड संपला, बाहेरचा मात्र शाबूत, आणि डिस्क निघत नाही

गाडी सध्या जॅक स्टँडवर आहे, पुढचं डावं चाक काढून बाजूला ठेवलंय. ब्रेकचं काम पहिल्यांदाच घरी करतोय, म्हणून जे दिसतंय ते सगळं लिहितो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

महिनाभर ब्रेक दाबला की बारीक चिरका आवाज यायचा. पॅडला पत्र्याची एक जीभ असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला लागून शिट्टीसारखी वाजते, एवढं माहीत होतं. म्हणून नवे पॅड आणून ठेवले. सवड मिळेपर्यंत आठवडा गेला आणि परवा शिट्टी बंद होऊन खर्रर्र सुरू झालं. पेडलवरच्या पायालाही ती खरखर लागत होती. तेव्हापासून गाडी हलवलेली नाही.

चाक काढल्यावर आधी दिसला बाहेरचा पॅड. त्यावर चांगलं ५ मिमी लायनिंग (पॅडचा घासणारा थर) शिल्लक, त्यामुळे हायसं वाटलं. मग कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) काढला आणि आतला पॅड हातात आला, तर तो जवळपास नुसता पत्रा. एका टोकाला नखाएवढं लायनिंग आणि दुसऱ्या टोकाला लोखंडावर लोखंड घासून आलेली चकाकी. म्हणजे झिजलाय तोही तिरका. डिस्कच्या आतल्या बाजूला गोल गोल चर पडलेत, नख फिरवलं की अडकतं, आणि मधल्या पट्ट्यात निळसर झाक आहे. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड मात्र सारखे झिजलेत, साधारण ४ मिमी.

आता फक्त नवे पॅड घातले तर पुन्हा हेच होईल असं मन सांगतंय. एकाच चाकाचा एकच पॅड का संपावा? दुसरं, डिस्कवर किमान जाडी २० मिमी कोरलेली आहे आणि माझ्या व्हर्निअरवर २०.६ दाखवते. चर असले तरी ती चालेल का? आणि बदलायची तर काढू कशी? ती हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) दोन चौफुली स्क्रूंनी धरलेली आहे. एक निघाला, दुसऱ्याचं डोकं घासून गुळगुळीत झालं. घरची सगळी माणसं याच गाडीत बसतात, त्यामुळे 'चालून जाईल' असं काही करायचं नाही.

प्रतिसाद

तुमचं मन बरोबर सांगतंय. तुमचा कॅलिपर सरकता आहे. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्या रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर उलट सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम एकट्या आतल्या पॅडवर येतं. त्यात तो तिरका झिजलाय, म्हणजे बहुतेक एक पिन मोकळी आणि एक अडकलेली असणार. दोन्ही पिना हाताने आत-बाहेर करून बघा.

पिस्टनही तपासायला हवा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू आत दाबा. त्याआधी टाकीतलं थोडं ब्रेक ऑइल काढून घ्या, नाहीतर वर येऊन सांडतं आणि रंग खातं. पिस्टन सहज गेला तर प्रश्न मिटला. जात नसेल तर ब्लीडर (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) किंचित उघडून पुन्हा दाबा. तेव्हा गेला तर होज (कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणारी रबरी नळी) आतून बुजलाय, आणि तरीही नाही गेला तर पिस्टनच धरलाय. ब्लीडर उघडलात तर नंतर हवा काढावी लागेल, ते विसरू नका.

डिस्कचं म्हणाल तर २०.६ वर विश्वास ठेवू नका. डिस्कच्या काठाला न झिजलेली कड राहते आणि व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर टेकतात. दोन्ही बाजूंना एकसारखी दोन नाणी लावून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. निळसर झाक म्हणजे ती भरपूर तापलेली आहे. मी असतो तर बदलली असती, आणि तीही दोन्ही चाकांची जोडीने. एका बाजूला नवी आणि दुसरीकडे जुनी ठेवली तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढू शकते.

प्रतिसाद

काढलेला कॅलिपर कुठे ठेवलाय ते लिहिलं नाहीत. होजवर लोंबत असेल तर आत्ता जाऊन स्प्रिंगला तारेने बांधा. आतून होज फाटला तर बाहेरून कळत नाही.

डोकं गेलेल्या स्क्रूसाठी हातोड्याने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. त्यानेही नाही निघाला तर ड्रिलने डोकं उडवा. चाकाचे नट आवळल्यावर डिस्क तेच धरून ठेवतात, स्क्रू फक्त जुळणीच्या सोयीसाठी असतो. डिस्कच्या मधल्या भागात दोन आटे पाडलेली भोकं दिसतात का? असतील तर त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळा, डिस्क स्वतःहून हबपासून सुटते. काठावर घणाचे घाव घालू नका, ते सगळे बेअरिंगला बसतात.

आणि हबचं तोंड तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासा. यावर मी फार जोर देतो, कारण लोक नेमकं हेच टाळतात. तिथे गंजाची एक खपली राहिली तर नवी डिस्क किंचित डगमगत फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कॅलिपर खरंच होजवर लोंबत होता. लगेच बांधला, होज वाकवून पाहिला, बाहेरून तरी चीर नाही. पण आतून फाटलेला कळत नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून नवा होजही आणला.

खालची पिन बोटाने सरकत होती. वरची पान्याने फिरवत ओढली तेव्हा कुठे बाहेर आली. तिच्या टोकाला रबराची बाही आहे आणि ती फुगून भोकात घट्ट बसली होती. आत साधं काळं ग्रीस भरलेलं. त्या खनिज तेलाने रबर फुगतं, हे तेव्हा कळलं. गाडी आधीच्या मालकाकडून घेतलेली, त्यामुळे ते कधी भरलं कोण जाणे. भोक साफ केलं, नव्या पिना आणि बूट (पिनांवरची रबरी आवरणं) आणले, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं. बाहीची पिन वरच्या भोकातच परत गेली. पिस्टन क्लॅम्पने सहज आत गेला.

नाणी लावून मोजलं तर डिस्क १९.४ निघाली. दोन्ही डिस्क बदलल्या. आटे असलेली भोकं गंजाने भरली होती, ती मोकळी केल्यावर बोल्टच्या चौथ्या-पाचव्या फेरीला 'टक्' आवाज झाला आणि डिस्क सुटली. नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो तो ब्रेक क्लीनरने पुसला. नवा होज लावून दोघांनी मिळून हवा काढली, एक पेडलवर आणि एक ब्लीडरवर. सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळले.

माझ्यासारखा कुणी पहिल्यांदा करणार असेल त्याच्यासाठी एक गोष्ट: पहिल्यांदा पेडल दाबलं तेव्हा ते थेट तळाला गेलं. पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून सात-आठ वेळा दाबल्यावर पेडल कडक होतं. हे गाडी हलवण्याआधी करा. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत वेग उतरवणं दहा वेळा केलं, पूर्ण न थांबता, मध्ये डिस्क निवायला वेळ देत.

काल २० किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही चाकांजवळ तळहात धरून पाहिला. ऊब सारखीच लागली.